गाढव कुठल्या पानावर आहे?

अण्णा, आज आमच्या लायब्ररीत पुन्हा गाढव आलं. दचकू नका, गोष्टीतलं. पण मला इतकं हसू आलं आणि तुमची इतकी आठवण झाली, की घरी आल्या आल्या पर्स कोचावर टाकली आणि लिहायला बसले. कागदसुद्धा धड शोधला नाही. लायब्ररीतल्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा रद्दीत टाकायला म्हणून घरी आणला होता, त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर लिहितेय. तुम्ही असतात तर कागद चिमटीत धरून म्हणाला असतात, "चांगला जाड हाय, पावशेर साखर बसंल ह्येच्यात." तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तरी कुठलाही कागद हातात आला की त्यात किती साखर बसेल हे माझ्या मनात येतंच येतं.

टेक्सासमधल्या आमच्या या गावाचं नाव तर शुगर लँड. साखरेचा मुलूख! पण साखर दुकानातच मिळते हो, इथे नुसती घरं, रस्ते आणि जीव नकोसा करणारा दमट उकाडा. तुमच्या जावयांच्या तेल कंपनीतल्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो ते तुम्हाला माहीत आहे. माझं लायब्ररीचं काम मात्र तुम्ही गेल्यानंतरचं. मुलांच्या विभागात असते मी. पुस्तकं लावायची, पोरांना हवं ते शोधून द्यायचं, गोष्टी वाचून दाखवायच्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही शनिवारी सकाळी बाबांचा तास सुरू केला. नियम एकच. मुलाला बाबांनीच आणायचं आणि बाबांनीच वाचून दाखवायचं. आयांना दारातूनच टाटा. कारण एरवी वाचन म्हणजे आईचं खातं, आणि बाबा पार्किंगमध्ये एसी लावून गाडीत फोन बघत बसणार.

आणि येतात हो बाबा, चांगले येतात. आपले मराठी बाबा ठीक साडेदहाला हजर होतात आणि आधी पुस्तकाची लेव्हल विचारतात. एक आहेत पुण्याचे, ते दर शनिवारी म्हणतात, "काकू, हे याच्या ग्रेडच्या वरचं आहे ना? खालचं नको हं." स्पॅनिश बोलणाऱ्या बाबांना इथे सरसकट हिस्पॅनिक म्हणतात, मग तो मेक्सिकोचा असो नाहीतर होंडुरासचा. आपण नाही का, बार्शीचे काय आणि बंगालचे काय, सगळे इंडियन. तर ते बाबा येतात लवाजमा घेऊन. एक पोर कडेवर, एक बोटाला, भावाची दोन मागे, आणि वर तो भाऊही. खुर्च्या रिकाम्या असल्या तरी सगळे खाली सतरंजीवर बसणार. कुणाचंही पोर कुणाच्याही मांडीवर. मला तर आपल्या आळीतली माणसं जमल्यासारखं वाटतं.

त्यांतलाच एक हा. मूळचा मेक्सिकोचा, घरांची छपरं घालायचं काम करतो. टेक्सासच्या उन्हात आठवडाभर छपरावर, पण शनिवारी बघावं तर कडक इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस आणि बरोबर सात वर्षांची मुलगी. तिच्या दोन वेण्या अशा घट्ट नि सारख्या, की मी एकदा तिला म्हटलं, तुझी आई काय सुरेख वेण्या घालते गं. ती म्हणाली, "आई नाही, पापी घालतो." पापी म्हणजे त्यांच्यात बाबा. मी त्याच्या हातांकडे बघतच राहिले. भेगाळलेले, नखांत डांबर बसलेलं, आणि त्या हातांनी ती रिबिनीची फुलं! ही मुलगी शाळेत तोंडातून अक्षर काढत नाही, असं तिच्या बाईंनी मला सांगून ठेवलं होतं. वाचन मागे आहे, लक्ष द्या म्हणाल्या. मी मनावर घेतलं. अण्णा, माझं हेच चुकतं, मी मनावर घेते.

एका शनिवारी त्यांच्या हातात एका उंदराची गोष्ट होती. उंदीर घरच्या घरी पाणबुडी बनवतो आणि समुद्राच्या तळाशी जातो. मी पुस्तकं लावत मागे उभी. मला स्पॅनिश बोलता येत नाही, पण इतक्या वर्षांत कान बसलाय, मोडकंतोडकं कळतं. हा आपला चित्रावर हात फिरवत रंगात येऊन सांगतोय, मुलगी तोंडाचा आ करून ऐकतेय, आणि माझ्या कानावर येतंय बुर्रो, बुर्रो. बुर्रो म्हणजे गाढव. मी पुढे वाकून बघितलं. पानावर उंदीर, पाणबुडी, चार मासे. गाढवाचा पत्ता नाही! पान उलटलं, तर तिथेही बुर्रो. गाढव पाणबुडीत शिरलं, गाढवाने माशाला हाय केलं, गाढवाला शिंक आली. मुलगी खिदळतेय. आणि मी, तुमची हुशार लेक, त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसले, छापलेल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाले, "असं नाहीये इथे. जे लिहिलंय ते वाचायचं हं." मोठ्या बाप्याला! त्याच्या लेकीसमोर! त्याने पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. मला वाटलं, बिचाऱ्याला वाचता येत नाही वाटतं. मग मी टेबलावरून, आत्ता ज्याच्या पाठीवर लिहितेय तेच पत्रक आणून त्याच्या हातात ठेवलं, मोठ्या माणसांसाठी मोफत वाचनवर्ग. मदत म्हणून हो! त्याने मुलीकडे बघितलं. तिने ते हळूहळू वाचलं आणि त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आणि सांगताना तिचे कान लाल झाले. त्याने पत्रकाची नीट घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला म्हणाला, "ग्रासियास, माएस्त्रा." ग्रासियास म्हणजे थँक यू, आणि माएस्त्रा म्हणजे बाई, शाळेतल्या बाई. मला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भाऊ आपली पोरं घेऊन यायचा, सतरंजीवर त्यांची जागा तेवढी रिकामी. घरी मी सांगितलं तर तुमचे जावई म्हणाले, "अगं, काम असेल त्याला, तू कशाला एवढं लावून घेतेस?" पण मला ठाऊक होतं. ती मुलगी आमच्याकडे कुठे जरा हसायला लागली होती, आणि मीच तिच्या बापाची पाटी पुसली. मला काही सुचेना. भाजी चिरताना, गाडी चालवताना, मला सारखं आपलं बार्शीचं घर दिसत होतं.

बार्शीत तुम्ही शेठच्या किराणा दुकानात आहात. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पुड्या बांधताय. शिक्षण चौथी. वाचता ते ओळीखाली बोट सरकवत, एकेक अक्षर जुळवत. पण दुकानात रद्दी यायची आणि रद्दीत मुलांची जुनी मासिकं असायची. चित्राचं पान दिसलं की तुम्ही ते बंडीच्या खिशात सारता आणि संध्याकाळी घरी आणता. पुडीच्या मापाला मधोमध फाडलेलं, म्हणून गोष्ट नेहमी अर्धीच. आई भाकरी थापतेय, मी चुलीशेजारी बसून जाळ पुढे सारतेय, आळीतली पाच-सहा पोरं उंबऱ्यावर. तुम्ही पान फाटलंय तिथवर वाचता, घाम पुसता आणि म्हणता, "पुढचं मला ठावं हाय." आणि मग काय विचारता! वाघ बोलायचे, डोंगर उठून चालायचे, राक्षसाला ढेकूण चावायचे. आणि शेवटी, गोष्ट राजाची असो की राक्षसाची, कुणीतरी म्हातारी चुलीवर पिठलं टाकायची आणि सगळे जेवायला बसायचे. राक्षससुद्धा मांडी घालून. आई म्हणायची, "तुमच्या गोष्टीत मेलं पिठल्याशिवाय काही शिजतच नाही का?" तुम्ही म्हणायचात, "अगं, भुकेल्या पोटी गोष्ट संपवू नये."

मग मी पाचवीत गेले आणि मला शिंगं फुटली. वर्गात पहिला नंबर, बाई म्हणायच्या जे छापलंय तेच खरं. त्या दिवशी तुम्ही उडत्या पलंगाची गोष्ट आणली होती. सुतार राजाला उडणारा पलंग करून देतो, राजा पलंगावर बसून नदीवरून उडतो, आणि तिथे पान फाटलेलं. तुमच्या शेवटात पलंगाचा पाय मोडला, राजा धपकन म्हातारीच्या अंगणात पडला, सुतार पाय जोडायला आला आणि सगळे पिठलं-भाकरी खायला बसले. आळीतली पोरं हसतायत, दुकानातले हमालकाकाही त्या दिवशी आलेले, तेही हसतायत. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांसमोर मी उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा खोटं सांगतात. आमच्या शाळेच्या कपाटात तो अख्खा अंक आहे. खरा शेवट मी वाचलाय." आणि सांगितला. राजाचा पलंग समुद्रापलीकडे गेला, तिथे राजकन्या होती, तिने तीन कोडी घातली, राजाने ती सोडवली, लग्न लागलं आणि पाच दिवस पंगती उठत होत्या, जिलेबीच्या. सगळे माझ्याकडे बघतच राहिले. तुम्ही उपरणं तोंडाला लावलं, तुमचे खांदे हलले, आणि मग म्हणालात, "असं व्हय! मग आता तूच वाच बाई. आता घरात खरं वाचणारी आली."

त्यानंतर तुम्ही कधी शेवट सांगितला नाहीत. पान आणायचात, माझ्या हातात द्यायचात. फाटलंय तिथे मी थांबले की म्हणायचात, "उद्या शाळंच्या कपाटात बघून ये." आणि मी दुसऱ्या दिवशी शेवट घेऊन यायचे. दहावीपर्यंत हे चाललं. लोक म्हणायचे, पोरगी काय वाचते! मला त्याचा केवढा अभिमान. तुमची गोष्ट बंद पडली हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही, ते आलं इथे, शुगर लँडमध्ये, एक सतरंजी रिकामी दिसली तेव्हा. तुम्ही तेव्हा उपरण्याआड तोंड लपवलंत ते अपमान झाला म्हणून, अशीच माझी समजूत होती. एका बापाचं तोंड मी बंद केलं होतं ते केलं होतं, आता दुसऱ्याचं. हे मला सोसेना.

शेवटी मी त्याच्या भावालाच विचारलं. तो म्हणाला, शनिवारी सकाळी ते आता पनादेरियात जातात. पनादेरिया म्हणजे त्यांची बेकरी. मग काय, एका शनिवारी लायब्ररीत सांगून मी निघाले. जावई गाडी चालवतायत आणि बडबडतायत, "यार, लायब्ररीसाठी माणसांच्या मागे फिरतात का कधी?" म्हटलं, तुम्ही गाडीत बसा गपचूप. आत गेले तर गोड पावांचा असा वास! लोक ट्रे आणि चिमटा घेऊन पाव निवडतायत, आणि ती दोघं तिथेच, ट्रेमध्ये गुलाबी साखरेचे पाव. मला बघून मुलगी बापाच्या मागे गेली. मी इंग्रजीत सुरू केलं. माझं चुकलं, मी तुम्हाला टोकायला नको होतं, ते पत्रक द्यायला नको होतं, तुमची गोष्ट फार छान होती, आणि असं लांबलचक काहीबाही. मुलीने सगळं ऐकून घेतलं आणि बापाला स्पॅनिशमध्ये तीनच शब्द सांगितले. मी म्हटलं, एवढंच? ती म्हणाली, "बाकीचं तेच तेच होतं."

तो हसला. मग तिला काहीतरी म्हणाला. ती म्हणाली, "पापी म्हणतो, त्याला वाचता येतं. स्पॅनिश सगळं येतं, इंग्रजी हळूहळू. पण छापलेलं मी शाळेत वाचतेच ना. गाढव शाळेत नाही मिळत." मग त्याने मला विचारलं, मुलीच्या तोंडून, की तुझ्या वडिलांनी तुला वाचून दाखवलं का? आणि अण्णा, त्या बेकरीत, हातात रिकामा ट्रे धरून, मी तुमचं सगळं सांगितलं. पुड्या, फाटकी पानं, पिठलं, मांडी घालून बसलेला राक्षस. पिठल्याला इंग्रजीत काय म्हणणार, मी सूप म्हटलं, मला क्षमा करा. मुलगी सांगत होती आणि तो मान हलवत होता, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. त्याने सांगितलं, त्याचे आजोबा गाढवावरून लाकडं आणायचे आणि वाटेत त्याला पुढे बसवून गोष्टी सांगायचे, म्हणून प्रत्येक गोष्टीत गाढव. निघताना त्याने कागदी पिशवीत एक गुलाबी पाव घातला, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, तुम्ही पुडीचं दुमडायचात तसंच, आणि माझ्या हातात ठेवला. मुलगी म्हणाली, "तो म्हणतो, आम्ही येऊ. पण गाढव पण येणार." मी म्हटलं, गाढवाला आधी पाठवा!

आणि आले ना! पुढच्या शनिवारी मी सगळ्यांना सतरंजीवर गोल बसवलं आणि म्हटलं, आज एकच पुस्तक, एकच बाबा. मुलगी पानावरचं इंग्रजी वाचायची, अडखळत, पण मोठ्याने, आणि मग बाप त्याचं स्पॅनिशमध्ये काय करायचा ते तुम्ही बघायला हवं होतं. हातवारे काय, आवाज काय! ज्यांना एक शब्द कळत नव्हता ती पोरंसुद्धा लोळत होती. आमचे पुण्याचे बाबा मात्र दुसरी प्रत घेऊन मागे पान उलटतायत, पुढे उलटतायत. शेवटी माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "काकू, गाढव कुठल्या पानावर आहे?" म्हटलं, या आवृत्तीत नाहीये, तुमचं तुम्हाला आणावं लागेल. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. पण दोन आठवड्यांनी बघते तर ते आपल्या मुलाला डायनोसॉरच्या पुस्तकातून त्यांच्या आजोबांची लुना सांगत होते. डायनोसॉर लुनावर बसून सिंहगडाच्या पायथ्याशी चाललेला. मुलगा म्हणाला, "बाबा, दॅट्स नॉट इन द बुक!" आणि बाबा म्हणाले, "गप रे, ऐक पुढे."

आता आजचं. आज ती मुलगी एकटी पुढे येऊन उभी राहिली. वेण्या घट्ट, हातात नवंकोरं पुस्तक. शाळेत अक्षर न बोलणारी ही, सगळ्यांना म्हणाली, "आज मी वाचणार. आणि मी खरं वाचणार, कारण पापी सगळं बनवून सांगतो." बाप खाली मांडी घालून बसलेला. मुलीने पहिल्या पानापासून वाचलं, खणखणीत, एकही शब्द न गाळता. मी मागून पुस्तकात बघत होते, सगळं बरोबर. शेवटचं पान आलं. चंद्रावर गेलेली मांजर घरी परत येते आणि झोपते, संपलं. मुलीने पुस्तक छातीशी धरलं आणि तितक्याच खणखणीत आवाजात वाचल्यासारखं म्हणाली, "आणि घरी गाढव तिची वाट बघत होतं." आणि सगळ्यांकडे असं बघितलं, की बघा, हे छापलेलं आहे!

मी बापाकडे बघितलं. त्याने डोक्यावरची टोपी काढून तोंडाला लावली होती आणि त्याचे खांदे हलत होते. तो हसत होता, अण्णा. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, लेकीला दिसू नये म्हणून टोपीआड तोंड लपवून हसत होता. आणि मी तिथे उभी, हातात चार पुस्तकं, आणि मला चाळीस वर्षांपूर्वीचं तुमचं उपरणं दिसलं.

कपाटात काही नव्हतं, अण्णा. शाळेचं कपाट आम्हा पोरांसाठी कधी उघडलंच नाही, त्याची किल्ली हेडमास्तरांकडे असायची आणि आत नुसते गुंडाळलेले नकाशे होते. उडत्या पलंगाचा तो शेवट मीच रचला होता, आदल्या रात्री गोधडीत. त्यानंतरचेही सगळे मीच. तुम्हाला खोटं पाडायला मी खोटं बोलले आणि ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण त्या पंगती! माझ्या खऱ्या शेवटातसुद्धा सगळे जेवायलाच बसले होते की हो. आणि हेडमास्तर साखर तर तुमच्याच दुकानातून न्यायचे, कपाटात काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल होय! तरी तुम्ही दर वेळी तोंडावरची सुरकुती न हलवता मला म्हणायचात, उद्या शाळंच्या कपाटात बघून ये.

हे पत्र कुठे टाकणार, पत्ताच नाही. आतून तुमच्या जावयांची तिसरी हाक आली, शनिवारचा स्वयंपाक त्यांच्याकडे असतो. पिठलं गार होतंय म्हणतायत. आता उठते. सगळे जेवायला बसलेत.